इनपुटचा रेझिस्टर बदला, आवाज बदलेल!

बझरमधली पितळी पिझो चकती गिटारच्या लाकडाला चिकटवा आणि थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडून पाहा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, खर्ज गायब! दोष चकतीचा नाही. ती स्वतःच साधारण २० नॅनोफॅरडचा कपॅसिटर असते आणि लाइन इनपुटचा इम्पिडन्स बरेचदा १० किलोओहमच्या आसपास. ही जोडी ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवत नेते. गिटारची सर्वांत जाड तार तर ८२ हर्ट्झवर वाजते. मध्ये १ मेगओहम इनपुटचा प्रीअँप टाका, ती सीमा थेट ८ हर्ट्झवर जाते. खर्ज हजर!

हा १ मेगओहम येतो कुठून? टीएल०७२ या लाडक्या आयसीच्या इनपुटचा रोध एकावर बारा शून्यं इतके ओहम. पण बायस करंटला वाट हवी म्हणून इनपुटपासून ग्राउंडला एक रेझिस्टर लावावाच लागतो. तो या अवाढव्य रोधाला समांतर बसतो, आणि समांतर जोडणीत चालतं ते लहानाचंच. तपकिरी-काळा-हिरवा असे पट्टे असलेला रेझिस्टर लावला, की झाला १ मेगओहम. तीच आयसी इन्व्हर्टिंग पद्धतीने जोडली, इनपुटला १० किलो आणि फीडबॅकला १०० किलो, तर गेन १० मिळतो. पिकअपला मात्र समोर दिसतात फक्त १० किलोओहम.

मला सर्वांत देखणी वाटते ती फेंडरच्या जुन्या व्हॉल्व्ह अँपमधली युक्ती. दोन जॅक, ६८ किलोचे दोन रेझिस्टर, १ मेगओहमचा एक. पहिल्या जॅकमध्ये गिटार लावली, की दोन्ही ६८ किलो समांतर होतात आणि इम्पिडन्स राहतो १ मेगओहम. दुसऱ्यात लावली, की पहिल्या जॅकचा स्विच एका ६८ किलोला ग्राउंडवर नेतो. इम्पिडन्स उतरतो १३६ किलोवर, सिग्नल निम्मा, आणि पिकअपवर भार वाढल्याने वरच्या सुरांची धारही बोथट. जादा भाग एकही नाही!

रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला ४७ किलो हवेत: पिवळा-जांभळा-नारिंगी. डायनॅमिक माइक १५०-२०० ओहमचा, त्याला दीड-दोन किलोओहम पुरतात.

मग सगळीकडे मोठाच रेझिस्टर का नको? रेझिस्टर स्वतःही सळसळतो, जितका मोठा तितका जास्त. ग्राउंडकडे गेलेल्याची सळसळ गिटार जोडताच बरीचशी दबते. सिग्नलच्या वाटेत बसलेल्याची दबत नाही.