खेळ सुधारतो, मत कधी सुधारते?

संगणकावरचा खेळ हा वसंत व्याख्यानमालेत मांडण्याजोगा विषय आहे काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खेळ म्हटला की तो मुलांचा, असा आपला समज. परंतु ज्या खेळात राज्य चालवावे लागते, कर बसवावे लागतात, तह करावे लागतात आणि पराभवाची कारणे शोधावी लागतात, तो खेळ म्हणजे इतिहासाविषयीचे एक विधानच असते. विधान आले की ते कितपत खरे, हा वादही आलाच. अशाच एका वादाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत.

स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स या कंपनीने २५ एप्रिल २०१९ रोजी 'इंपरेटर: रोम' हा खेळ विक्रीस आणला. त्याचा आरंभ इसवी सनापूर्वी ३०४ या वर्षी होतो. अलेक्झांडरला जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली आहेत आणि त्याचे सेनापती साम्राज्याच्या वाटणीसाठी भांडत आहेत. रोम हे अद्याप इटलीतले एक उगवते प्रजासत्ताक आहे, आणि नकाशाच्या पूर्वेकडे चंद्रगुप्त मौर्याचे राज्य पसरले आहे. यांपैकी कोणतेही राज्य हाती घ्यावे आणि ते चालवावे. बुद्धिबळात दोन्ही बाजूंची मोहरी सारखी असतात. येथे कोणाच्या वाट्याला साम्राज्य येते, तर कोणाच्या वाट्याला एखादी लहानशी टोळी. कल्पना उत्तम, नकाशाही देखणा. वृत्तपत्री समीक्षकांनी खेळाला बरे म्हटले; पण विकत घेऊन खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नापसंतीचाच कौल दिला.

असे का व्हावे? मूळ खेळात राज्यकर्त्याच्या गाठीस चार प्रकारचे बळ जमत असे: लष्करी, नागरी, वक्तृत्वाचे आणि धार्मिक. ते वेळोवेळी वाढे, आणि ते खर्चून हवे ते साधता येई. जिंकलेल्या नगरातील लोक परधर्माचे आहेत काय? धार्मिक बळ खर्च करावे. त्यांतला एक गट तत्क्षणी आपल्या धर्माचा होई. त्यांची संस्कृती निराळी आहे काय? वक्तृत्वाचे बळ खर्चावे, तीही बदले. वाण्याच्या दुकानात पैसे ठेवावेत आणि पुडी उचलावी, इतके ते सोपे होते. खेळणाऱ्यांचा आक्षेप नेमका यावरच होता. केवळ करमणूक कमी पडली, एवढीच त्यांची तक्रार नव्हती. जिंकलेला प्रांत आपला होण्यास पिढ्या लागतात, आणि या खेळात मात्र काळाला काही कामच उरलेले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आमच्या मते हा आक्षेप इतिहासाच्या कोणत्याही जाणत्या विद्यार्थ्याने घ्यावा असाच होता.

आता कंपनीचे वर्तन पाहू. सप्टेंबर २०१९ मध्ये 'सिसेरो' या नावाची सुधारणा निघाली आणि तिने चार बळांची ती पद्धतच काढून टाकली. ही किरकोळ डागडुजी नव्हती. बिऱ्हाडे राहत असताना घराचा मधला खांब बदलण्यासारखे ते काम होते. आता लोकांचे गट आपल्या गतीने स्थलांतर करू लागले, दर्जा बदलू लागले, धर्म बदलू लागले. राज्यकर्त्याच्या हाती धोरण राहिले. फळ काळाच्या हाती गेले. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये 'मारियस' ही सुधारणा आली. तिने सैन्याची व्यवस्था प्रजेशी जोडली. जिंकलेल्या लोकसमूहाला राज्यात सामावून घेतले तर त्याच्यातून फौज उभी राहते. मात्र तसे केल्याने आधीपासून मानाचे स्थान असलेले समूह नाराज होतात. रोमच्या इतिहासातला हा खरा पेच आता पटावर आला. साहजिकच नवी मते बरीच अनुकूल येऊ लागली.

येथे मत कसे मोजले जाते, हेही समजून घेतले पाहिजे. असे खेळ बहुधा 'स्टीम' या विक्रीकेंद्रातून घेतले जातात. तेथे प्रत्येक ग्राहकाला पसंती किंवा नापसंती नोंदवता येते, आणि ती पुढे बदलताही येते. २०१६ पासून तेथे दोन कौल वेगवेगळे दाखवतात: एक आजवरच्या सर्व मतांचा, दुसरा अलीकडच्या तीस दिवसांचा. जुन्या मतांचे ओझे पहिल्या कौलावर कायम राहते. खेळ आज कसा आहे हे दुसरा सांगतो. पण दुकानाशी आलेला माणूस बहुधा ऐकीव कीर्तीवर निघून जातो. 'इंपरेटर'चे तसेच झाले. मत सुधारले, पण गर्दी परतली नाही. आणि 'मारियस' निघून तीन महिने होण्याच्या आतच कंपनीने पुढील काम थांबवल्याचे जाहीर केले.

याच्या उलट उदाहरणही आहे. इंग्लंडमधील क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा 'टोटल वॉर: रोम २' सप्टेंबर २०१३ मध्ये निघाला, तेव्हा त्यात इतके दोष होते की कंपनीच्या माइक सिम्पसन यांना जाहीर क्षमा मागावी लागली. मात्र दुरुस्त्या एकामागून एक निघत राहिल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये सुधारून वाढवलेली आवृत्ती आली, तीही जुन्या ग्राहकांना विनामूल्य. आणि २०१७ मध्ये, म्हणजे चार वर्षांनंतर, त्यातली राजकारणाची व्यवस्था नव्याने रचण्यात आली. मत बदलण्यास जेवढा काळ लागतो तेवढा काळ या खेळाला मिळाला.

यावरून दोष कोणाचा ठरवायचा? अपुरे काम पूर्ण किमतीस विकणे हे गैरच आहे, आणि पहिल्या दिवशी नापसंती नोंदवणाऱ्याचे काही चुकले नव्हते. त्याने स्पष्ट बोलून दाखवले म्हणूनच तो खांब बदलला गेला. परंतु तेच मत त्याने पुन्हा न पाहता तसेच ठेवले असेल, तर आज ते अस्तित्वात नसलेल्या खेळाविषयीचे मत आहे. आपण पुस्तकाची दुसरी आवृत्ती हाती घेतो तेव्हा पहिलीतल्या चुका तिच्या माथी मारत नाही. नाटकाचा पहिला प्रयोग पडला तरी विसाव्या प्रयोगाला जाणारा रसिक आपल्यात असतो. तीच रीत येथेही लागू करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

'इंपरेटर'चे काम थांबले, तरी त्याचे चाहते थांबले नाहीत. हौशी मंडळींनी 'इन्व्हिक्टस' नावाची भर घालून, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, तो खेळ पुढे वाढवत नेला. ज्यांनी दुसऱ्यांदा पाहण्याची तसदी घेतली, त्यांचेच हे काम आहे.