पैसा कोणाच्या हातून येतो

पहाटे 5.30
या आठवड्यात शेतीची वीज पहाटेची आहे, म्हणून कॉलेजच्या आधी तापीकाठच्या केळीत. मोटर चालू केली, फिल्टर धुतला, मग एकेका नळीचं टोक सोडून आतला पांढुरका गाळ वाहू दिला. पाणी नितळ येईपर्यंत थांबावंच लागतं, नाहीतर कडेची झाडं तहानलेली राहतात.

ठिबकमुळे जळगावचा इस्रायलशी जुना संबंध. जैन इरिगेशनने 2007 साली तिकडच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला, पुढे सगळी कंपनीच घेतली. तो सौदा बरोबरीचा होता. पटलं नसतं तर दोघांनाही दुसरं गिऱ्हाईक शोधता आलं असतं. आज वर्गात ज्या कराराबद्दल बोलायचं आहे, त्यात एका बाजूला ही मोकळीकच नाही.

सकाळी 10.30
तृतीय वर्ष, अर्थशास्त्र. फळ्यावर लिहिलं: पॅरिस, 29 एप्रिल 1994. इस्रायलचे अर्थमंत्री अव्राहम शोहात आणि पॅलेस्टिनी बाजूने अहमद कुरेई यांनी सह्या केल्या. इस्रायल-पॅलेस्टिनी शांततेच्या ओस्लो प्रक्रियेतला हा आर्थिक करार, पाच वर्षांच्या संक्रमणकाळापुरता. पुढचं काही ठरलंच नाही, म्हणून तोच आजवर चालत आला.

मुलांनी कलमं भराभर उतरवून घेतली. दोन्हीकडे आयात करांची चौकट जवळपास एकच. पॅलेस्टिनींचं स्वतःचं चलन नाही, व्यवहार मुख्यतः इस्रायली शेकेलमध्ये. व्हॅट इस्रायलपेक्षा फार तर दोन टक्क्यांनी कमी ठेवायचा. मग मुख्य मुद्दा. पॅलेस्टिनी भागात जाणाऱ्या मालावरचा कर बंदरात आणि सीमेवर इस्रायल गोळा करतं, 3 टक्के खर्चापोटी कापून घेतं आणि करारानुसार उरलेला दर महिन्याला पॅलेस्टिनी प्राधिकरणाला द्यायचा असतो. त्यांच्या महसुलाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हाच.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "आणि नाही दिला तर?"

तसं घडलं आहे. 2006 मध्ये हमास निवडून आल्यावर, 2015 मध्ये पॅलेस्टिनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे गेल्यावर रक्कम अडवली गेली. 2019 पासून इस्रायल त्यातून काही वाटा कापू लागलं. इस्रायलचं म्हणणं असं की, आमच्या माणसांवर हल्ले करणाऱ्या कैद्यांच्या घरी हा पैसा जातो. त्या रागामागे खरी माणसं गेलेली आहेत, हे मी वर्गात स्पष्ट सांगतो. पण रक्कम अडली की रामल्लातल्या शिक्षिकेचा आणि नर्सचा पगार अर्धा होतो, हेही तितकंच स्पष्ट सांगतो.

दुपारी 1
कळण्याची भाकरी आणि ठेचा. डबा उघडतोय तोच धुळ्याकडचा एक जुना विद्यार्थी आला. फरशी बसवण्याचं काम करतो, हात पक्का आहे. "सर, माले जानं शे." कुठे, तर इस्रायलला. 2024 च्या सप्टेंबरात पुण्यात बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या तेव्हापासून त्याच्या डोक्यात तेच आहे. महिन्याला 1 लाख 92 हजारांच्या आसपास, असं त्या वेळी सांगत होते.

त्याला मी करारातलं मजुरांचं कलम समजावलं. ये-जा सुरळीत ठेवण्याचा प्रयत्न करायचा, पण आपल्या हद्दीत किती मजूर, कोणत्या अटींवर येऊ द्यायचे, हे ज्याने त्याने ठरवायचं. ऑक्टोबर 2023 पूर्वी दीड लाखाच्या आसपास पॅलेस्टिनी तिकडे कामाला जात. हमासच्या 7 ऑक्टोबरच्या हल्ल्यानंतर बहुतेकांचे परवाने थांबले आणि ती जागा भरायला भारतातून माणसं मागवली गेली.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, मी गेलो नाही तरी ती जागा तिथल्या पॅलेस्टिनी मजुराला परत मिळणार आहे का? उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याच्या घरची दोन एकर कोरडवाहू मला माहीत आहे.

दुपारी 3.30
ट्यूटोरियल. साक्री तालुक्यातली एक मुलगी एरवी गप्प असते. आज म्हणाली, "आमच्याकडे फडात शेतकरी स्वतः पाणी धरत नाही, पाटकरी धरतो." पांझरा नदीवरची फड पद्धत कित्येक शतकं जुनी. बंधारा सगळ्यांचा, पाट साफ करायला सगळे, फडात पीक एकच. पाटकऱ्याला मोबदला गावाने मिळून द्यायचा, त्यामुळे तो कोणा एकाचा नोकर नसतो. तिचा प्रश्न असा, की कर गोळा करायला असा दोघांनी नेमलेला माणूस का नाही?

तास तिथेच रंगला. एकाचं म्हणणं, फडात पाणी अडवणाऱ्याला उद्या त्याच गावात राहायचं असतं. दुसरा म्हणाला, बंदर ज्याच्या ताब्यात आहे तो तिऱ्हाइताला का बसू देईल? मला तिचा प्रश्न सोडवत नाही. ज्याला पैसे द्यायचे त्याच्याच हातात तिजोरी ठेवणारा करार सहीच्या दिवशीच लंगडा असतो, असं माझं ठाम मत आहे.

रात्री 9
फरशीवाल्याचा फोन. पासपोर्टचं काम सुरू केलंय म्हणाला. त्याला सांगितलं, करारपत्र हाती आलं की सही करण्याआधी इकडे घेऊन ये. पगार कोण देणार, मालक बदलता येतो का आणि मुदतीआधी परत पाठवलं तर राहिलेले पैसे कोणाकडे मागायचे, हे तीन मुद्दे आधी वाचू. रविवारी येतो म्हणाला.