यंत्रे चालू, सेवा बंद : सर्व्हर-समूहाची स्थिती कशी वाचावी?

बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी ही कामे आज सर्व्हर नावाच्या संगणकांवर चालतात. एक सर्व्हर बंद पडला तरी काम थांबू नये, म्हणून दोन किंवा अधिक सर्व्हर जोडून ठेवतात. अशा समूहास ‘क्लस्टर’ म्हणतात.

या सर्व्हरांवर चालणारी डेटाबेस, साठवण, संकेतस्थळ अशी प्रत्येक सेवा म्हणजे एक ‘रिसोर्स’ होय. ‘पेसमेकर’ नावाची मुक्त संगणकप्रणाली या सेवांवर लक्ष ठेवते आणि ‘स्टार्टेड’, ‘स्टॉप्ड’, ‘फेल्ड’ अशा शब्दांत त्यांची स्थिती दाखवते. हे शब्द विचारपूर्वक वाचावे लागतात. ‘स्टार्टेड’ याचा अर्थ शेवटच्या तपासणीत सेवा चालू आढळली, एवढाच. तपासणीच वरवरची असेल, तर सेवा प्रत्यक्ष उत्तर देते की नाही, हे त्यातून कळत नाही. ‘स्टॉप्ड’ म्हणजेही नेहमी बिघाड नव्हे. ती सेवा ज्या दुसऱ्या सेवेवर विसंबून आहे, ती सुरू नसल्यामुळेही ती थांबलेली असू शकते.

सर्वांत कठीण प्रसंग मौनाचा. सर्व्हर एकमेकांना सतत संदेश पाठवीत असतात. एकाचा संदेश थांबला, तर तो बंद पडला की केवळ जोडणी तुटली, हे दुसऱ्यास उमगत नाही. दुसऱ्याने अंदाजाने काम हाती घेतले, तर दोघे एकाच साठवणीत लिहू लागतील आणि नोंदी बिघडतील. म्हणून आधी पहिल्याचा वीजपुरवठा तोडून तो बंद झाल्याची खात्री करतात. यास ‘फेन्सिंग’ म्हणतात.

या परस्परावलंबनाचे महत्त्व २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात दिसून आले. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडानंतर तेथील साठवण यंत्रणा थांबली. खरेदी-विक्रीची यंत्रणा शाबूत होती. परंतु जोखीम तपासणारी यंत्रणा उपलब्ध नव्हती. त्यामुळे सकाळी ११.४० वाजता सर्व व्यवहार थांबवावे लागले. ते दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले आणि त्या दिवशी सायंकाळी ५ वाजेपर्यंत चालले.

या क्षेत्रात येणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच पडद्यावरील शब्दापाशी थांबू नये. तपासणी केव्हा झाली, कशाची झाली आणि ही सेवा कोणावर विसंबून आहे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांनी लावून घ्यावी.