मागणी आहे, पण माल नाही!

मागणी असलेला माल आज ना उद्या बाजारात येतोच, असा आम्हा कापडवाल्यांचा अनुभव. मात्र रुग्णालयात अचानक बिघडलेली मूत्रपिंडे दुरुस्त करणारे खात्रीचे औषध जगात अजून कुठेच मिळत नाही.

मोठी शस्त्रक्रिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, जुलाबाने आटलेले पाणी किंवा काही औषधे यांमुळे काही तासांत किंवा दिवसांत मूत्रपिंडांचे काम मंदावते. डॉक्टर मूळ कारणावर इलाज करतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. पण डायलिसिस रक्त गाळते, मूत्रपिंड बरे करीत नाही.

मग औषध का निघत नाही? पहिले कारण, खबर उशिरा मिळते. रक्तातील क्रिएटिनिन साचून वाढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणजे नुकसान आज आणि वहीत नोंद परवा! यावर तोड म्हणून लघवीतील दोन प्रथिने मोजून धोका आधीच सांगणाऱ्या तपासणीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली परवानगी दिली. दुसरे कारण, बिघाडाची कारणे अनेक. एकच औषध सर्वांना लागू पडत नाही. प्राण्यांवर यशस्वी ठरलेली कितीतरी औषधे माणसांवर फोल ठरली.

म्हणूनच पारख कडक हवी. मूत्रपिंडे वाचावीत म्हणून थोडे डोपामिन देण्याची पूर्वी रीत होती. २००० साली ३२८ रुग्णांवरील चाचणीत त्याचा काहीही फायदा दिसला नाही. उलट २०२४ साली हृदयशस्त्रक्रियेच्या ३,५११ रुग्णांवरील चाचणी आशादायक ठरली. अमिनो आम्ले शिरेतून दिलेल्यांत हा बिघाड २६.९ टक्के, न दिलेल्यांत ३१.७ टक्के. मृत्यू व डायलिसिस यांत मात्र फरक पडला नाही. नफा लहान, पण हिशेब चोख.

नवे औषध येईल तेव्हा येईल. तोवर आहे ते मूत्रपिंड सांभाळणे आपल्या हाती आहे. उन्हाळ्यात मागाच्या शेडमध्ये घाम गाळून, पाणी न पिता, कंबरदुखीवर रोज मनाने वेदनाशामक गोळी घेणे मूत्रपिंडाला महाग पडते. रुग्णालयात दाखल होताना घेत असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. लघवी कमी झाल्यास लगेच सांगावे आणि क्रिएटिनिन किती, हे विचारायला संकोच करू नये.