हॉस्पिटलातली लायब्ररी पाहिलीय?

हॉस्पिटलात मेडिकलचं दुकान कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. लायब्ररी विचारा, वॉचमनही डोकं खाजवतो. मी मात्र आधी तीच शोधते!

अमेरिकेतल्या पहिल्या वैद्यकीय ग्रंथालयाचा मान फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलला. १७६२ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन फॉदरगिल यांनी औषधद्रव्यांवरचं एक पुस्तक भेट पाठवलं. एकच! पुढची खरेदी वॉर्डात शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फीतून झाली.

पण अशा लायब्ररीचं खरं काम पुस्तकं देण्या-घेण्याचं नाही, माहिती शोधून देण्याचं. २००१ मध्ये अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या दम्याच्या एका अभ्यासात २४ वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेला हेक्झामेथोनियम श्वासावाटे दिलं गेलं. ती दगावली. हे औषध फुप्फुसांना बाधू शकतं, अशा नोंदी १९५०च्या दशकातल्या जर्नल्समध्ये होत्या. संशोधकाने पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची ऑनलाइन सूची, चाळलं होतं, पण तेव्हा तिथे साधारण १९६६पासूनचंच सापडायचं. मागची वर्षं छापील सूचींच्या जाडजूड खंडांत, म्हणजे ग्रंथपालांच्या राज्यात. तेव्हापासून ग्रंथपाल मंडळी ही गोष्ट एकमेकांना सांगत आलीत.

पबमेड १९९७पासून सगळ्यांना फुकट आहे. तिथे ‘हार्ट अटॅक’ टाइप केलंत तरी मागच्या मागे ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या ठरलेल्या संज्ञेशी जोडलं जातं. अशा संज्ञांची यादी माणसं बसून सांभाळतात (मला तर हेवा वाटतो त्या नोकरीचा). मेडलाइनप्लस हे आरोग्यमाहितीचं संकेतस्थळ त्यामानाने सोपं, रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांसाठी लिहिलेलं.

तुमच्या ओळखीच्या हॉस्पिटलात लायब्ररी आहे का? कुठल्या मजल्यावर?