'पास आउट' झालात की बेशुद्ध पडलात? एका इंग्रजी शब्दाची गंमत आणि धोका

"मी २०१९चा पासआउट." शिक्षण कधी पूर्ण झालं असं विचारलं, की बेळगाव असो, पणजी असो, इंदूर असो की वडोदरा, आपल्या मुला-मुलींचं उत्तर हेच असतं. दहावीला कर्नाटकात एसएसएलसी म्हणतात, गोवा-महाराष्ट्रात एसएससी म्हणतात. राज्य बदललं की बोर्ड बदलतं. 'पासआउट' मात्र सगळीकडे तोच. नोकरीच्या जाहिरातींतही '२०२४ पासआउट' असं सर्रास छापून येतं. त्यामुळे यात काही चुकतंय, अशी शंकाही कुणाला येत नाही.

भारतात हे चालतं, कारण ऐकणारा आपल्यातलाच असतो. पण तोच बायोडाटा ब्रिटन, अमेरिका किंवा कॅनडातल्या माणसाच्या टेबलावर गेला, तर 'आय पास्ड आउट इन २०१९' या वाक्याचा तिथे पहिला अर्थ लागतो तो असा : '२०१९मध्ये मी बेशुद्ध पडलो.' पुढचा-मागचा मजकूर वाचून तो खरा अर्थ ओळखेलही. पण पहिल्याच ओळीला वाचणारा अडखळला, तर तोटा अर्ज करणाऱ्याचाच.

मूळ अर्थ कोणता?

'पास' म्हणजे उत्तीर्ण आणि 'आउट' म्हणजे बाहेर, म्हणून 'पास आउट' म्हणजे उत्तीर्ण होऊन बाहेर पडणे, असा आपला हिशेब. इंग्रजीत असे जोडशब्द तुकडे करून समजत नाहीत. आपल्याकडेही तसंच आहे की! एखादी साडी 'उठून दिसते' म्हणतो, तेव्हा साडी कुठे उठलेली असते? 'डोळा लागला' म्हणतो, तेव्हा तो कशाला लागलेला नसतो. दोन शब्द एकत्र आले की तिसराच अर्थ तयार होतो. 'पास आउट'चे असे तीन अर्थ लक्षात ठेवायचे.

पहिला : शुद्ध हरपणे. रोजच्या इंग्रजीत सर्वांत जास्त चालणारा हाच.
'शी पास्ड आउट इन द हीट.' – उन्हाने तिला चक्कर आली आणि ती बेशुद्ध पडली.
दारू जास्त होऊन कुणी आडवा झाला, तरी हाच शब्द वापरतात.

दुसरा : लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणे. हा ब्रिटिश सैन्यातला वापर आपल्याकडेही रुजला. पुण्याजवळच्या खडकवासल्याची एनडीए, डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकॅडमी, आपल्या बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर, सगळीकडे 'पासिंग आउट परेड' होते. मराठी वर्तमानपत्रं त्याला दीक्षांत संचलन म्हणतात. इथे हा शब्द शंभर टक्के बरोबर आहे.
'ही पास्ड आउट फ्रॉम द अकॅडमी इन २०१५.' – तो २०१५ साली अकादमीतून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडला.
आपला 'कॉलेज पासआउट' या अर्थाच्या अगदी शेजारचा आहे, फरक एवढाच की कॉलेजात परेड नसते.

तिसरा : वाटणे. हा जास्त करून अमेरिकेत ऐकू येतो.
'द टीचर पास्ड आउट द पेपर्स.' – बाईंनी पेपर वाटले.
इथे एक नियम आहे. वस्तूचं नाव घेतलं, तर ते 'आउट'च्या आधी किंवा नंतर, कुठेही चालतं. पण 'देम', 'इट' असं सर्वनाम आलं, तर ते मध्येच बसवायचं : 'पास देम आउट.' 'पास आउट देम' चुकीचं. बेशुद्ध पडण्याच्या अर्थात मात्र 'पास' आणि 'आउट' यांच्यामध्ये काहीच येत नाही.

मग शिक्षणाबद्दल काय म्हणायचं?

पदवी घेतली असेल तर : 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम अ कॉलेज इन बेळगावी इन २०१९.' यातला 'फ्रॉम' विसरू नका.
दहावी-बारावीसाठी : 'आय पास्ड माय एसएसएलसी एक्झॅम इन २०१३.' इथे नुसतं 'पास्ड', 'आउट' नको.
डिप्लोमा, आयटीआय किंवा नर्सिंगच्या कोर्ससाठी : 'आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा इन २०१६.'
आणि '२०२४ पासआउट'ऐवजी सरळ लिहा : 'ग्रॅज्युएटेड इन २०२४.' भारतातल्या कंपनीलाही हे कळतं, बाहेरच्यालाही.

इथे चूक महागात पडते

'पास्ड आउट' आणि 'पास्ड अवे' यांची अदलाबदल मात्र कधीच करू नका. 'पास्ड अवे' म्हणजे निधन झालं. आपल्या भागातली कितीतरी घरं अशी आहेत, की मुलगा आखातात नाहीतर ब्रिटनमध्ये आणि आई-वडील गावाकडे. वडिलांना घेरी आली आणि घाईघाईत कुणी 'फादर पास्ड अवे' असा मेसेज टाकला, तर तिकडे आकांत होईल. उलट प्रकारही तितकाच वाईट : परदेशात शेजारी बेशुद्ध पडला असताना ॲम्ब्युलन्सला फोन करून 'ही पास्ड अवे' सांगितलं, तर जिवंत माणूस मेला असं पलीकडचा समजेल. अशा वेळी म्हणायचं : 'ही हॅज पास्ड आउट, बट ही इज ब्रीदिंग.' – तो बेशुद्ध आहे, पण श्वास चालू आहे. अर्थात श्वास खरंच चालू आहे ना, हे बघूनच.

जरा करून बघा

खालच्या वाक्यांचं इंग्रजी मनातल्या मनात करा.
१. ताईने २०२१ साली बी.कॉम. केलं.
२. रक्त बघून तो बेशुद्ध पडला.
३. आजोबा मागच्या वर्षी वारले.
४. ही पत्रकं आहेत, ती वाटून टाक.

उत्तरं : १. 'माय सिस्टर ग्रॅज्युएटेड इन कॉमर्स इन २०२१.' २. 'ही पास्ड आउट ॲट द साइट ऑफ ब्लड.' ३. 'माय ग्रँडफादर पास्ड अवे लास्ट इयर.' ४. 'हिअर आर द लीफलेट्स. पास देम आउट.'

मित्रांमध्ये, मराठी बोलताना 'मी अमक्या वर्षी पासआउट झालो' खुशाल म्हणा. तो आता आपल्या बोलीतला शब्द झालाय. फक्त इंग्रजीत अर्ज लिहायला बसलात, की तेवढा एक शब्द खोडा. आणि एवढं सगळं विसरलात, तरी हे एक वाक्य ध्यानात ठेवा : 'अ कॅडेट पास्ड आउट ॲट द पासिंग आउट परेड.' दीक्षांत संचलनात एक कॅडेट चक्कर येऊन पडला. दोन्ही अर्थ एकाच ओळीत आले की नाही?