शिंगरू अडते तेव्हा

एखादा माणूस कोणाचे ऐकेनासा झाला, की आपण त्याला 'अडेलतट्टू' म्हणून मोकळे होतो. शब्द माणसासाठी वापरतो, पण तो आला आहे तट्टाकडून. आणि ते तट्टू मुळात अडले का होते, हे मात्र आपण कधी विचारत नाही. आज तेवढाच प्रश्न मला विचारायचा आहे. तीन-चार वर्षांचे, पाठीवर माणूस घेण्याच्या वयाला आलेले शिंगरू चालता चालता उभे राहते, मागे सरते, पाठ उचलते, कधी मागच्या दोन पायांवर उभे राहून झाड होते. ते असे का करते, आणि आपण त्या वेळी काय करावे?

प्रश्न लहान नाही. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला दत्ताची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा असते. दोन्ही ठिकाणी घोड्यांचा बाजार भरतो. अशा बाजारातून हौसेने आणलेले जनावर कधी कधी दोन-तीन महिन्यांत 'खोडीचे निघाले' म्हणून पुन्हा बाजाराची वाट धरते. एकदा तो शिक्का बसला, की पुढचा धनी आधीच्यापेक्षा जाड चाबूक घेऊन येतो, आणि चांगले जनावर कायमचे बिघडते. शिवाय घोड्यावरून पडणे म्हणजे बैलगाडीतून घसरणे नव्हे. त्यात हात मोडतो, पाठ मोडते, कधी डोक्याला मार बसून माणूस जातो.

माझ्या शाळकरी वयातली गोष्ट सांगतो. माझ्या मामांनी यात्रेतून एक तीन वर्षांची घोडी आणली. दिसायला पाणीदार, हाताला गरीब. पहिले आठ दिवस मामा पाठीवर बसले, ती चालली. नवव्या दिवशी ओढ्याच्या उतारावर ती थांबली. टाच मारली तर मागे सरली. चाबूक दाखवला तर पाठ कमानीसारखी वर केली आणि मामांना खाली ठेवले. पंधरा दिवस हाच खेळ चालला. दोर धरायला मी असे. मामांनी सांगितले म्हणून मीही तिला दोन-चार वेळा शिमटीने झोडपले. अखेर मामांनी ती विकायची ठरवली, आणि गावात पूर्वी तांगा हाकणारे एक वृद्ध चाचा होते, त्यांना गिऱ्हाईक पाहायला सांगितले.

मामा म्हणाले, "चाचा, घोडी खोडीची निघाली."

चाचांनी घोडीकडे पाहिले नाही. आधी खोगीर उचलून उलटे केले आणि आतल्या नमद्यावरून पंजा फिरवला. एका ठिकाणी नमदा दबून गाठ झाली होती. मग घोडीच्या पाठीवर नेमक्या त्याच जागी त्यांनी दोन बोटे टेकली. घोडीची कातडी थरथरली, कान मागे पडले. चाचा म्हणाले, "पाटील, घोडीत खोड नाही. खोगिरात खोड आहे."

सपाट रस्त्यावर ती गाठ सोसण्यासारखी होती. उतारावर स्वाराचे वजन पुढे येई आणि गाठ रुते. म्हणून घोडी नेमकी उतारावर अडे. इतके साधे कारण होते, आणि आम्ही पंधरा दिवस तिला मारत होतो. महिनाभर विश्रांती दिली, खोगीर नवे भरून घेतले, आणि त्याच ओढ्यातून ती पुढे कित्येक वर्षे गेली. फक्त एक राहिले. माझ्या हातात काठी असली, मग ती साधी उसाची कांडी का असेना, तर ती मला जवळ येऊ देत नसे. तिने ती आठवण शेवटपर्यंत सोडली नाही.

चाचांना जे कळले ते जगाला फार जुने आहे. शिक्षक मंडळी वर्गात अलेक्झांडरची गोष्ट सांगतातच. त्याचे वडील फिलिप राजे यांच्याकडे बुसेफालस नावाचा घोडा विक्रीला आला. तो कोणाला पाठीला हात लावू देईना. प्लुटार्क लिहितो, की पोरवयाच्या अलेक्झांडरने एकच गोष्ट पाहिली. घोडा आपल्याच सावलीला बुजत होता. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे फिरवले, सावली मागे पडली, आणि मग तो पाठीवर बसला. इतरांनी घोडा पाहिला होता. अलेक्झांडरने घोडा कशाकडे पाहतो आहे ते पाहिले.

त्याच शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सरदाराने घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहिले. त्यात तो दोन गोष्टी बजावतो. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये. आणि बुजलेल्या घोड्याला मारून पुढे रेटू नये, कारण मार बसला की घोड्याला वाटते, हे दुखणे त्या भीतीच्या वस्तूमुळेच आले. म्हणजे भीती घालवायला मारावे, तर ती दुप्पट होते. या लिखाणाला आज २,३०० हून अधिक वर्षे झाली, आणि आजचे प्राणिवर्तनाचे शास्त्रही हेच सांगते.

आता घोड्याची घडण थोडी समजून घेऊ. घोडा हा शिकार होणारा प्राणी. गवत खावे, कळपात राहावे, संकट दिसताच पळावे, हा त्याचा धर्म. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. म्हणून त्याला आपल्याभोवतीचे जवळजवळ सगळे दिसते, फक्त अगदी मागचे आणि कपाळासमोरचे थोडे सोडून. झाडाला अडकलेली पिशवी आपल्याला पिशवी दिसते, त्याला झेप घालायला टपलेले काहीतरी दिसते. शिवाय त्याला एकटे राहणे आवडत नाही. घरापासून दूर जाताना शिंगरू अडते आणि परतताना भरभर चालते, यात लबाडी नाही, कळपाची ओढ आहे.

त्याच्या कातडीला एक माशी बसलेली कळते, मग स्वाराच्या मांडीचा ताण कळणार नाही काय? बर्लिनमध्ये १९०४ च्या सुमारास हान्स नावाचा एक घोडा फार गाजला होता. एका निवृत्त गणितशिक्षकाने त्याला शिकवले होते. बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर देई. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने कसून तपासणी केली तेव्हा कळले, की घोड्याला गणित मुळीच येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके किंचित हलत असे, आणि ती हालचाल पाहून घोडा थांबत असे. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. यातून घ्यायचे ते असे, की तुम्ही मनात घाबरलात किंवा चिडलात, तर ते शिंगराला तुमच्या आधी कळते.

तेव्हा शिंगरू अडले, तर पहिली तपासणी दुखण्याची. खोगीर उलटे करा, पाठ हाताने चाचपा, तंगाखाली जखम आहे का पाहा, खुरात खडा रुतला आहे का पाहा. मग तोंड पाहा. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीने पडतात, आणि दुधाच्या दाढाही याच काळात बदलतात. नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात लोखंड घालतो! कित्येकदा दाढांच्या पुढे खुंटीसारखा एक बारीक दात असतो, त्यावर लगामाची कडी आपटते. असे शिंगरू डोके झटकते, लगाम ओढला की तोंड वर करते. पशुवैद्याला तोंड दाखवा. काटेरी लगाम तर हातातही घेऊ नका. केंद्र सरकारच्या १९६५ सालच्या नियमांनी त्याला मनाई केली आहे, आणि त्याने तोंड शिकत नाही, बधिर होते.

दुसरी तपासणी वयाची आणि वजनाची. पायांची हाडे लवकर पक्की होतात, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांनंतरही चालू असते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ नये, असा साधारण दंडक आहे. साडेतीनशे किलोच्या घोड्याला सत्तर किलो. कोवळ्या पाठीला याहून कमीच बरे. पहिले काही महिने हलका माणूस, वीस मिनिटांची फेरी, आणि मध्ये सुट्टीचे दिवस. पोटही विसरू नका. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. दोन वेळा चंदीचा तोबरा दिला आणि बाकी वेळ रिकामा बांधून ठेवला, तर पोटातले आम्ल जठराला खाते. पोट दुखणारे जनावर तंग आवळताच चावायला धावते.

दुखणे नाही, वय झाले आहे, तरीही अडते. मग तिसरी शक्यता उरते, आणि तीच फार वेळा खरी असते. त्याला तुमचे म्हणणे कळलेलेच नाही. टाच म्हणजे 'पुढे', हे शिंगरू आईच्या पोटातून शिकून येत नाही. ते शिकवावे लागते, आणि शिकवण्याची किल्ली दाबण्यात नाही, सोडण्यात आहे. पाय हलकेच टेकवा. शिंगराने एक पाऊल टाकले, की त्याच क्षणी पाय सैल करा. 'पाऊल टाकले की ओझे सुटते' एवढेच त्याला कळते, आणि ते ते पक्के लक्षात ठेवते. आपण उलट करतो. ते चालले तरी टाच मारतच राहतो. मग ते विचार करते, चाललो तरी मार, थांबलो तरी मार, तर चालू कशाला?

हे सगळे आधी जमिनीवरून शिकवावे. दोरीवर चालणे, 'चल' आणि 'हो' हे शब्द ओळखणे, लांब दोरीवर गोल फिरणे, ज्याला जुने स्वार कावा म्हणत. मग रिकामे खोगीर, मग पोटावर आडवे पडून माणसाचे ओझे, मग बसणे. जमिनीवरचा धडा कच्चा ठेवून पाठीवर बसलात, तर अडथळा तुम्हीच पेरलात.

आता प्रत्यक्ष वेळ आली तर काय करायचे?

शिंगरू खुंटासारखे उभे राहिले, तर समोर रेटू नका. एका हाताने लगाम हलकेच बाजूला घेऊन मान वळवा. तोल सावरायला त्याला एक पाय हलवावाच लागतो. हलवला की हात सोडा, मानेवर थाप द्या, पुन्हा मागा. दहा पावले झाली की तेवढ्यावर उतरा. त्या दिवशी तेवढेच पुरे.

बुजले, तर लांबच थांबवा आणि पाहू द्या. त्याने मान खाली सोडली, ओठ चाटले, लांब श्वास सोडला, की दोन पावले पुढे. जवळ एखादा वयस्क, शांत घोडा असेल तर तो पुढे चालवा. शंभर शब्दांचे काम तो एकटा करतो.

पाठ उचलू लागले, तर मान एका बाजूला वळवून लहान गोलात घ्या, म्हणजे जोर कमी होतो. मग उतरून पुन्हा खोगीर तपासा.

झाड झाले, तर मात्र सावध. टाच 'चल' म्हणते आणि लगाम 'थांब' म्हणतो, तेव्हा पुष्कळदा शिंगरू वर जाते, कारण दुसरी वाटच आपण ठेवलेली नसते. अशा वेळी लगाम ओढलात तर ते तुमच्यावर उलटे पडेल. हात पुढे सोडा, मानेवर वाका, पाय खाली येताच पुढे चालू द्या. दुसऱ्यांदा झाले, तर उतरा आणि जाणत्या माणसाला बोलवा. त्यात कमीपणा नाही. आणि कोणत्याही दिवशी डोक्यावर शिरस्त्राण घातल्याशिवाय, किंवा जवळ दुसरा माणूस नसताना, नव्या शिंगरावर बसू नका. ज्या घरी म्हातारी माणसे वाट पाहतात, त्या घरच्या पोराने तर नाहीच नाही.

कोणी विचारील, मग काय ते म्हणेल तसे ऐकायचे? तसे नाही. तुम्ही मागितलेली गोष्ट लहान करा, पण मागणे सोडू नका. दहा पावले चालेना, तर एक मागा. एकही पाऊल न टाकता खोगीर उतरवून त्याला तबेल्यात नेलेत, तर 'अडलो की सुटका' हाही धडा ते तितक्याच चटकन शिकते. दुखत असेल तर थांबा. कळत नसेल तर सोपे करा. भीत असेल तर वेळ द्या. आणि या तिघांतले कोणते, हे ओळखल्याशिवाय हात उचलू नका.

मास्तर मंडळींना वेगळे सांगायला नको. मीही शिकवण्याचाच धंदा करतो. मागच्या बाकावर पाटी खाली ठेवून बसलेले पोर पाहिले, की मला ती ओढ्याच्या उतारावरची घोडी आठवते, आणि माझ्या हातातली शिमटीही आठवते. मग मी आधी खोगीर उलटे करून पाहतो. म्हणजे विचारतो, जेवून आलास का, फळा दिसतो का, कालचे कळले होते का?

यंदा यात्रेतून शिंगरू आणणार असाल, तर पैसे मोजण्यापूर्वी त्याचे तोंड पाहा, पाठ पाहा, आणि घरी गेल्यावर पहिल्या दिवशी खोगीर नको, फक्त खरारा करा. त्याला तुमचा हात ओळखीचा होऊ द्या. बाकीचे पुढे.